छातीवरची फुली

माझ्या वडिलांना वाकडी रेषा सहन होत नसे. भिंतीवरची असो, माझ्या वहीतली असो, नाहीतर आईने घाईघाईत उंबऱ्यावर ओढलेली रांगोळीची असो. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. म्हैसूरच्या बाजारातल्या दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कापडवाले, भांडीवाले, सोनार, डॉक्टर, सगळ्यांची नावं त्यांच्या कुंचल्यातून उतरलेली. सायकलवरून जाताना एखादी दुसऱ्याने रंगवलेली पाटी दिसली की ते मुद्दाम थांबत आणि त्या अक्षरांची यथेच्छ निंदा करून मगच पुढे निघत. हा तापटपणा माझ्यातही उतरला आहे. मी शाळेत गणित शिकवत असे, आणि मुलं माझ्या हातातल्या पट्टीपेक्षा माझ्या जिभेला जास्त भीत.

आमचं घराणं कधीकाळी म्हैसूरच्या फौजेबरोबर इकडे आलेलं. फौज गेली, तलवारी गेल्या, राहिली ती घरात बोलायची मराठी, आणि तिच्यातही निम्मं कन्नड मिसळलेलं. पुण्याकडचे पाहुणे आले की आमचं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसत. अप्पांना त्याचं काही वाटत नसे. ते म्हणत, "हसू दे की. त्यांना आमची भाषा कळते ना? आयतु, झालं काम."

अप्पांचा खोकला थांबेना तेव्हा आम्ही सगळ्यांनीच तो रंगाच्या नावावर खपवला. टर्पेंटाईन, थिनर, इनॅमलचा वास, भिंती खरवडताना उडणारा चुना. एवढं सगळं नाकातोंडात जाणाऱ्या माणसाला खोकला यायचाच. बीडीचं नाव कुणी काढलं नाही. ती त्यांनी माझ्या लग्नाच्या आधीच सोडली होती. पण तरुणपणी त्यांनी एका बीडीच्या कंपनीसाठी गावोगावच्या भिंती रंगवल्या होत्या. वरुणा गावच्या रस्त्यावर, कृष्णराजनगरच्या बसस्टँडमागे, पार बेट्टदपुरच्या डोंगराखालपर्यंत. मजुरीबरोबर बीडीची बंडलं मिळायची, आणि शिडीवर बसल्याबसल्या ती संपायची. मग खोकल्याबरोबर रक्त आलं, फोटो काढले, छातीतून सुई घालून तुकडा तपासायला गेला, आणि डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावलं.

घरात मी तो शब्द उच्चारला नाही. गाठ आहे म्हणाले. आईने विचारलं, "विरघळेल ना?" मी म्हणाले, विरघळवायचा प्रयत्न करू. अप्पा पलंगावर बसून आमच्याकडे बघत होते. विचारतील म्हणून मी थांबले, पण ते उठले आणि कुंचले धुवायला मागच्या खोलीत गेले.

शेजारपाजारचे मात्र विचारायला टपलेलेच होते. बघायला येणारा प्रत्येक माणूस खुर्चीत टेकतो न टेकतो तोच विचारायचा, "बीडी ओढत होते का हो?" हो म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं समाधान दिसे. आपण ओढत नाही, म्हणजे आपल्याला होणार नाही, असा हिशेब मनात होऊन जायचा. मला त्या माणसांचा संताप यायचा. अप्पा मात्र शांतपणे सांगत, "ओढली की. भिंतीवर लिहून लिहून गावाला ओढायला लावली, मग मी एकट्यानं नाही ओढली तर बरं दिसलं असतं का?" पाहुणा कसनुसा हसायचा आणि कॉफी संपवून निघायचा.

डॉक्टरीणबाई बोलायला सरळ होत्या. त्यांनी मला सांगितलं की ऑपरेशनची वेळ गेली आहे. किरणांचे उपचार देता येतील. गाठ आकसेल, रक्त थांबेल, श्वास मोकळा होईल, थोडा काळ पदरात पडेल. किती, ते सांगता येणार नाही. त्रासही होईल. "तुमच्या वडिलांना हे हवं आहे का, ते त्यांना विचारा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हवं आहे ते दिसतंच आहे मला."

हे विचारणंच कठीण होतं. मी सरळ विचारलं तेव्हा अप्पा म्हणाले, "करायचं ते कर ग कणे. मला कशाला विचारतेस?" आडून विचारलं तेव्हा म्हणाले, "जुन्या भिंतीला कोण एवढा रंग लावतं?" तिसऱ्यांदा मी रागावून विचारलं, तर त्यांनी मला चष्मा पुसून मागितला. त्यांच्या तोंडाला जे कुलूप होतं ते थट्टेचं होतं, आणि तशा कुलपाची किल्ली मला कधी सापडली नाही. शेवटी मीच ठरवलं आणि त्यांना घेऊन गेले. चला म्हटलं की ते चप्पल घालत, बसा म्हटलं की बसत. माझं मन राखायला हा माणूस येतोय, असं मला रोज वाटायचं, आणि त्या वाटण्याने मी आतून खचत चालले होते.

उपचार सुरू व्हायच्या आधी अप्पांच्या छातीवर खुणा काढल्या. उताणं झोपवून, यंत्राखाली मापं घेऊन, जांभळ्या शाईने एक चौकोन आणि त्याच्या मधोमध एक फुली. रोज किरणं नेमकी त्याच जागी पडावीत म्हणून ही खूण. ती काढणारा टेक्निशियन चाळिशीचा, अबोल माणूस होता. त्याने कन्नडमध्ये बजावलं की या खुणा पुसू द्यायच्या नाहीत. त्या जागी साबण नको, तेल नको, घासायचं नाही, पाणीसुद्धा जपून. अप्पांनी मान खाली घालून आपल्या छातीकडे बघितलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "हात कापतो त्याचा. हा बोर्ड मी गिऱ्हाइकाला दिला असता का? तोंडावर फेकला असता त्यानं."

मी हसले नाही. मला तेव्हा कशाचंच हसू येत नसे.

उपचाराच्या खोलीबाहेर लांब बाक होते. तिथे बसणारी माणसं त्या किरणांना 'करंट' म्हणत. आज करंट झाला का, किती करंट राहिले, करंटनंतर तोंडाला चव नाही, असं चालायचं. मराठीत शेक म्हणतात ते मी अप्पांना सांगितलं, पण त्यांना करंटच आवडला. वरुणेकडचा एक शेतकरी रोज आमच्या आधी असायचा. दूध डेअरीत घालून मोटारसायकलवर मुलाच्या मागे बसून यायचा. त्यालाही फुफ्फुसाचंच होतं, आणि त्याने जन्मात बीडीला हात लावला नव्हता. "मग मला का?" असं तो एकदा अप्पांना म्हणाला. अप्पांना एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायचं असे. त्यांनी नुसता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. या दोघांचं चांगलं जमलं. त्या शेतकऱ्याकडे बाकावरच्या सगळ्या बातम्या असत. त्यानेच सांगितलं की मागे एका माणसाच्या छातीवरची खूण धुतली गेली, आणि त्याला परत घरी पाठवून दिलं. पुन्हा बोलावलंच नाही. "गुरुतु गेली की करंट बंद," तो म्हणाला. खुणेला तो गुरुतु म्हणत असे. मी ते ऐकून सोडून दिलं. बाकावर अशा कितीतरी गोष्टी ऐकायला मिळत.

उपचार निम्म्यावर आले आणि अप्पांना गिळवेना. घास घशाखाली उतरताना आग होई. आई रव्याची गंजी, म्हणजे पातळ पेज, थंड करून देई, गार दहीभात कालवून देई, तरी ते दोन चमचे खाऊन वाटी बाजूला सारत. चालताना दम लागे. सदऱ्याचे खांदे खाली लोंबू लागले. अशात दिवाळी आली आणि कृष्णराजनगरहून आत्या आली.

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. ते तिला अक्का म्हणत. आजी लवकर गेली, तेव्हा या बहिणीनेच त्यांना वाढवलं होतं. सत्तरी ओलांडलेली, पाठीत वाकलेली, पण आवाज असा की बोलायला लागली की रस्त्यापर्यंत ऐकू जावा. तिने अप्पांना बघितलं आणि दारातच रडायला लागली. मग डोळे पुसून माझ्याकडे वळली.

"काय करून ठेवलंस ग याचं? अन्न बंद केलंस त्याचं?"

"मी नाही केलं, आत्या. औषधाचा त्रास आहे तो."

"औषधानं माणूस उठतो. हा बसत चाललाय. बेडा, नको हे सगळं. मी नेते याला. नदीचा वारा आहे, घरचं दूध आहे, एक पंडित मुळ्या देतो. सुखानं राहू दे त्याला."

आमचं चांगलंच वाजलं. आई मध्ये पडली तेव्हा कुठे आम्ही गप्प झालो. अप्पा पलीकडच्या खोलीत सगळं ऐकत होते आणि त्यांनी एका बाजूनेही तोंड उघडलं नाही. मला त्यांचा फार राग आला. एक शब्द बोलायला काय जातं या माणसाचं? हवंय म्हणावं, नको म्हणावं. पण रात्रभर विचार करून मलाही वाटायला लागलं की आत्याचं बरोबर असेल. मी माझ्या हट्टापायी एका दमलेल्या म्हाताऱ्याला रोज यंत्राखाली नेऊन झोपवत होते. सकाळी मी आत्याला सांगितलं, "दिवाळी होऊ दे. दवाखान्याची सुट्टी संपली की आपण बसून ठरवू. अप्पांना नको असेल तर मी बंद करीन." अप्पा पेपर वाचत होते. पेपराचं पान उलटलं गेलं, एवढंच.

म्हैसूरकडे दिवाळी पाण्यापासून सुरू होते. आदल्या संध्याकाळी न्हाणीघर धुवायचं, तांब्याचा हंडा चिंचेने घासून लख्ख करायचा, त्याला हळदकुंकू लावून फुलांची माळ घालायची आणि काठोकाठ पाणी भरायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच पाण्याने घरातल्या प्रत्येकाला तेल लावून न्हाऊ घालायचं. आमच्या घरी तेल लावण्याचा मान घरातल्या सगळ्यात थोर बाईचा. आत्या आली म्हणजे तो मान आत्याचा.

मी तिला बजावून सांगितलं होतं. डोक्याला लाव, पायांना लाव, छातीला हात लावू नकोस. ती "सरी, सरी" म्हणाली.

पण पाटावर उघडा बसलेला भाऊ, कोमट तेलाची वाटी, बाहेर फटाके, आणि भावाला आलेली खोकल्याची उबळ. हे पुढचं मला आत्यानेच नंतर सांगितलं. लहानपणी अप्पांची छाती भरायची तेव्हा ती हेच करायची. तेलात कापूर टाकून छाती चोळायची, मग त्यांना झोप लागायची. आणि ती फुली. ती फुली तिला आल्यापासून बघवत नव्हती. तोडायच्या झाडावर जंगलवाले मारतात तसली खूण, ती म्हणाली. असली खूण अंगावर घेऊन माझ्या भावानं सण करायचा? तिने कापराचं तेल घेतलं आणि छाती चोळली. चोळत राहिली. अप्पांनी डोळे मिटले होते. त्यांनी तिला थांबवलं नाही. मग शिकेकाईने तेल काढलं, हंड्यातलं कडक पाणी घातलं. न्हाणीतून बाहेर आले तेव्हा अप्पांच्या चेहऱ्यावर कितीतरी आठवड्यांनी रंग होता. आईने त्यांना नवा बनियन घातला. मला काहीच कळलं नाही.

पाडव्याच्या दिवशी दुपारी मागच्या खोलीतून टर्पेंटाईनचा वास आला. ही अप्पांची कामाची खोली. उपचार सुरू झाल्यापासून तिची कडी निघाली नव्हती. मी दाराशी गेले तर दार आतून लावलेलं. "काय करताय अप्पा?" म्हणून हाक मारली, तर "सुम्ने, उगाच जरा कुंचले बघतोय," असं उत्तर आलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! माणूस कामाकडे वळला म्हणजे बरा होतो आहे, असं मी आईला म्हणाले. आईने देवापुढे साखर ठेवली. आत्या म्हणाली, "बघ, माझ्या तेलाचा गुण." मीही मान डोलावली.

सुट्टी संपली. ठरवायला बसायचं होतं ते कुणी काढलं नाही. मीही टाळलं. रोजच्या वेळेला बघते तर अप्पा चप्पल घालून दारात उभे. मला वाटलं, आता सवयच लागली यांना. रिक्षात ते छातीवर हात धरून बसले होते. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाले.

नेहमी अप्पा आत जात आणि मी बाकावर थांबत असे. त्या दिवशी दोन मिनिटांत टेक्निशियन बाहेर आला आणि मला आत बोलावलं. अप्पा उघड्या अंगाने यंत्राखाली झोपलेले होते. टेक्निशियनने त्यांच्या छातीकडे बोट दाखवलं.

"इदु नान हाकिद्दल्ला, मॅडम." ही मी काढलेली नाही.

मी बघितलं. छातीवर जांभळा चौकोन होता, मधोमध फुली होती. पण चौकोनाच्या चारही बाजू दोरी लावून मारल्यासारख्या सरळ होत्या, कोपरे काटकोनात, फुलीचे चारही हात सारख्या जाडीचे आणि टोकाला निमुळते. रंग चकाकत होता. तो शाईचा रंग नव्हता. निळं आणि लाल इनॅमल कालवून केलेला होता. ती पाटी कुणी रंगवली आहे हे म्हैसुरात कुणालाही सांगता आलं असतं.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी वाकून बघितलं, बोटाने हलकेच चाचपलं, जुने फोटो मागवले आणि मापं ताडून पाहिली. मग त्या मला म्हणाल्या की रेषा कितीही सुरेख असल्या तरी जागा चुकली आहे. अप्पांनी त्या आरशासमोर बसून काढल्या होत्या, आणि माणूस बसला असताना काढलेली रेषा तो झोपला की कातडीबरोबर सरकते. त्यात त्यांचं अंग उतरलेलं, कातडी सैल झालेली. आज यंत्र सुरू केलं असतं तर किरणं गाठ सोडून भलतीकडे पडली असती. टेक्निशियनला आपल्या वेड्यावाकड्या रेषा ओळखू येत होत्या म्हणून वाचलो.

मला वाटलं, आता त्या ओरडणार. डॉक्टरीणबाई मात्र ओरडल्या नाहीत. त्या अप्पांच्या डोक्याशी गेल्या आणि त्यांनी कन्नडमध्ये साधं विचारलं, का काढली अज्जा?

अप्पा वर यंत्राकडे बघत होते. आज कुठलीच थट्टा त्यांना सुचली नाही.

"निल्लिसिबिड्तीरेनो अंदकोंडे," ते म्हणाले. तुम्ही थांबवून टाकाल असं वाटलं.

आणि मग माझ्याकडे वळून, मराठीत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "थांबवू नको म्हण ना त्यांना. मला अजून थोडं पाहिजे कणे."

मी त्यांचा हात धरला आणि तिथेच, त्या टेक्निशियनसमोर, ढसाढसा रडले. इतके दिवस ज्या एका उत्तरासाठी माझा जीव टांगणीला लागला होता ते त्यांनी इनॅमलने छातीवर लिहून आणलं होतं, उन्हापावसात जाऊ नये अशा रंगात. जगायचा हट्ट माझा एकटीचा नव्हता. त्यांचाही होता, फक्त तो बोलून दाखवायची त्यांना लाज वाटत होती. सत्तरीला आलेल्या बीडी ओढणाऱ्या माणसाने अजून जगायला मागावं, हे त्यांना शोभत नव्हतं असं त्यांना वाटत असावं. बघायला येणाऱ्या माणसांनी ते त्यांच्या मनात चांगलं ठसवलं होतं. त्या माणसांना मी आजही माफ केलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं की खूण गेली म्हणून कुणी उपचार थांबवत नाही, पुन्हा मापं घेऊन पुन्हा काढतात. ज्या माणसाला परत पाठवल्याचं ऐकलं होतं, त्याची कहाणी वेगळी होती, त्याचे उपचार दुसऱ्याच कारणाने थांबले होते. मग थिनर लावून तो रंग काढू नका असं आम्हाला निक्षून सांगितलं, कातडी आधीच भाजलेली होती. तो आपसूक निघेल तेव्हा निघेल. नव्याने फोटो काढून, मापं घेऊन, टेक्निशियनने हिरव्या शाईने नवी खूण काढली. काही दिवस अप्पांच्या छातीवर दोन चौकोन होते. त्यांचा सरळ होता आणि चुकीचा होता, दुसरा थोडा तिरका होता आणि बरोबर होता. अप्पा टेक्निशियनला म्हणाले, "तुमचाच चालू द्या, सार." दोघंही हसले. मीही हसले, कितीतरी दिवसांनी.

आत्याला काय बोलायचं हे मी रिक्षात मनाशी जुळवत आले होते. चांगलं कडक जुळवलं होतं. घरी आलो तर ती दारातच उभी. अप्पा पुढे होऊन म्हणाले, "अक्का, तुझं तेल फार भारी. डॉक्टरांनी विचारलं कुठलं ते." आणि आत जाऊन झोपले. मी आत्याला स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं. जुळवलेलं कडक काही निघालंच नाही. शेवटी इतकंच म्हणाले, "त्यांना जगायचंय, आत्या."

तिने आपले तळहात पुढे धरून बघितले. मग म्हणाली, "मग मला सांगायचं नाही का त्यानं? माझ्या हातानं पुसलं ग मी ते. त्यानं डोळे मिटले होते, मला वाटलं, सुख वाटतंय त्याला."

"सुख वाटतच होतं त्यांना. म्हणूनच नाही बोलले."

कृष्णराजनगरला परत जायचं तिने नाव काढलं नाही. उपचार संपेपर्यंत ती आमच्याकडे राहिली. रोज सकाळी अप्पांचा सदरा वर करून ती खूण बघायची, जागेवर आहे ना याची खात्री करून घ्यायची, आणि मगच त्यांना घराबाहेर सोडायची. आंघोळीच्या वेळी ती न्हाणीच्या दाराशी उभी राहून ओरडायची, "छातीवर पाणी नको रे कणो!" रस्त्यापर्यंत ऐकू जायचं.

अप्पांना थोडं मिळालं. रक्त थांबलं, घास उतरायला लागला. उन्हाळ्यात ते चौकापर्यंत चालत जाऊन दुसऱ्यांच्या पाट्यांना नावं ठेवून यायचे. बाजारात तेव्हा संगणकावर छापलेले फ्लेक्स लागू लागले होते, त्यांच्यावर त्यांचा विशेष राग. वरुणेचा शेतकरी एकदा घरी येऊन गेला, मोठ्या किटलीत दूध घेऊन. दोघं अंगणात बसून खूप वेळ बोलले. पावसाळ्यात अप्पांना पुन्हा दम लागायला लागला. या वेळी त्यांनी स्वतःच डॉक्टरीणबाईंना विचारलं, अजून काही देता येईल का. त्या नाही म्हणाल्या. अप्पांनी मान हलवली आणि त्यांना नमस्कार केला. दसऱ्याची रोषणाई त्यांनी रिक्षातून बघितली. दिवाळी मात्र आली नाही.

शेवटच्या आंघोळीआधी आमच्या घरी प्रत्येकजण तेलाचा हात लावतो. आईने लावला, मी लावला. मग आत्याला धरून आणलं. तिने वाटीत बोटं बुडवली, अप्पांच्या टाळूवर तेल घातलं, कपाळावरून, गालांवरून हात फिरवला, खांद्यांना लावलं, दंडांना लावलं. छातीवर त्या किरणांचा काळसर चौकोन राहून गेला होता. शाई केव्हाच गेली होती, इनॅमलही गेलं होतं, पण कातडीत तो तसाच होता.

आत्याचा हात तिथपर्यंत आला आणि थांबला. कुणीतरी मागून म्हणालं, लावा की, आता काय.

"नको," ती म्हणाली. "तिथं नको. पुसलं तर त्याला घेणार नाहीत."

आणि तिने त्या चौकोनाच्या कडेकडेने, आत एक थेंबही जाऊ न देता, तेल लावलं.